पचमढीला निघायच्या आधी जुन्या बुलेटचं काय काय करायचं

माझी गाडी म्हणजे कास्ट आयर्न इंजिनची जुनी बुलेट. ३४६ सीसी, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, आणि पॉइंटवाली, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क असलेली. नोकरी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायची. थंडी सुरू झाली की पोट्टे विचारत येतात, "सर, पचमढीला जाऊन राहिलो, गाडीला काय काय करू?" आणि हातात चमकणारे इंडिकेटर नाहीतर फटाके फोडणारा सायलेन्सर असतो. तो आधी बाजूला ठेवा. अशी गाडी रस्त्यात इंजिन बसल्यामुळे क्वचितच थांबते. कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा डबा), क्लच केबल, पेट्रोलचा पाइप, एखादी सैल वायर, असल्या किरकोळ गोष्टींपायी ती थांबते. तयारीही याच गोष्टींची करायची.

सुरुवात पान्यांपासून. या गाडीचे बरेच नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो. नागपूरच्या इतवारीत एखाद्या हार्डवेअरवाल्याकडे इंची पान्यांचा जुना संच दिसला तर भाव करत बसू नका, घेऊन टाका.

आता पॉइंट. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. पॉइंटवरची टोपी काढा आणि पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत किक हळूहळू दाबा. फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मधली फट पाहा, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. पॉइंटच्या टिकल्या काळ्या पडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरचा एक हलका हात, मग पेट्रोलमध्ये बुडवलेला जाड कागद मधून ओढून काढायचा. कागद स्वच्छ निघेपर्यंत ओढा. खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, नवीन टाका. कॅमला घासणाऱ्या फेल्टवर ऑइलचा एकच थेंब सोडा. दुसरा थेंब पॉइंटवर उडतो आणि गाडी फटफट करायला लागते.

कंडेन्सरचं दुखणं ओळखायला सोपं आहे. गाडी थंड असताना छान चालते, तापली की मिसिंग करते, मग बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू. लोक अशा वेळी कार्बोरेटर उघडतात आणि बरा असलेला जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र) फिरवून ठेवतात. आधी टोपी काढून अंधारात पॉइंटकडे पाहा. तिथं मोठी निळसर ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला. कॉइल तापूनही हेच होते, म्हणून कंडेन्सर बदलून फरक पडला नाही तर कॉइलकडे वळा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५च्या पुढे जाते, तेव्हा हे दुखणं हमखास उपटते. कंडेन्सर नवीन टाकला तरी एक जास्तीचा जवळ ठेवाच.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची (पुशरॉडची) मोकळीक, थंड इंजिनवरच पाहायचे, म्हणजे सकाळी चहाच्याही आधी. कॉम्प्रेशनवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पिस्टन वर आणण्यासाठी अँमीटर (करंट दाखवणारा काटा) कामाला येतो. चावी चालू करून किक हळूहळू दाबा. डावीकडं झुकलेला काटा मधोमध आला की पॉइंट उघडले, म्हणजे पिस्टन जवळपास वर आला. तिथून किंचित पुढं न्या. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलला नाही पाहिजे. घट्ट ठेवण्यापेक्षा किंचित सैल परवडला. सैल टॅपेट टिकटिक करते एवढंच, घट्ट टॅपेटनं व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. शांत चालणाऱ्या जुन्या बुलेटवर माझा फारसा विश्वास नाही.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल भेटते आणि ही गाडी त्याच्यासाठी बनलेली नाही. जुने रबरी पाइप फुगतात, तडकतात. टाकीत पाणी धरून राहते आणि गंज चढतो. पाइप वर्षातून एकदा बदला. गाडी उभी केली की कॉक बंद. महिनाभर हलणार नसेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल जाळून संपवा. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होते, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त पडते, म्हणून लांब सरळ रस्त्यावर नेऊन प्लग काढून पाहा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक दिसला तर मेन जेट एक नंबर मोठा टाका.

ऑइल २०डब्ल्यू-५०. पातळी गाडी दोनेक मिनिटं चालवून मगच पाहायची. बरेच दिवस उभ्या गाडीचं ऑइल खाली क्रँककेसमध्ये उतरते, काडी कोरडी दिसते, माणूस वरून ओततो आणि मग ब्रीदरमधून (इंजिनची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) सगळं चेनवर येते.

क्लच केबलसाठी एक सोपी युक्ती. नवीन केबल जुन्या केबलच्या बाजूनं, त्याच वाटेनं, दोन्ही टोकांपर्यंत ओढून टेपनं बांधून ठेवा. जुनी तुटली की फक्त टोकं बदलायची. घाटात, अंधारात, टाकी न काढता दहा मिनिटांचं काम.

ड्रम ब्रेकला डिस्क लावून द्या म्हणणारे भेटतील. मी लावत नाही. शू नवीन घ्या, कॅमला ग्रीस द्या, आणि ब्रेक दाबल्यावर ड्रमवरचा लोखंडी हात (लिव्हर) केबलशी काटकोनात येतो का पाहा. त्याच्या पुढं गेला तर जोर वाया जातो. एवढ्यात ब्रेक पुरेसा लागते.

बदल करायचाच तर हेडलाइटला रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा) टाका. स्विचमधून जाणारा करंट कमी होतो, उजेड वाढतो, जुना स्विचही जळत नाही. मागं मजबूत कॅरिअर लावा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मात्र नाही. दंड तर होतोच, शिवाय त्यानं जेटिंग, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, बिघडते.

हे सगळं निघायच्या पंधरा दिवस आधी उरकून एकदा रामटेकला जाऊन या. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात आणि परत भेटायला मेकॅनिक जवळ असतो. जे सैल व्हायचं ते त्यात होऊन जाते. घरी आल्यावर गाडी थंड झाली की सायलेन्सर, इंजिन माउंटिंग आणि हेडचे नट पाहा. स्पोकवर पाना टिचकून ऐका, बद्द आवाज आला की तो सैल.

पचमढीचा रस्ता सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा. (समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तिकडं चाललेल्यांनी विचारू नये.) पहाटे अंधारातच निघा, म्हणजे सिलेवानी घाट थंड हवेत चढून होतो आणि छिंदवाड्यात नाश्ता होतो. तिथं इंजिन वीस मिनिटं बंद ठेवा. खरा चढ मटकुलीनंतर, पचमढी हजार मीटरच्या वर आहे. वरच्या गिअरमध्ये कण्हत चढवू नका, एक गिअर खाली घेऊन इंजिन मोकळं फिरू द्या. उतरताना त्याच गिअरवर उतरा, नुसत्या ब्रेकवर सोडली तर ड्रम तापतो आणि पकड जाते.

सोबत एवढं घ्या: पॉइंट, कंडेन्सर, प्लग, ट्यूब, टायर लिव्हर, चेन लॉक, एक्सलरेटरची केबल, तार, टेप. सगळं जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून साइड बॉक्समध्ये, पाने वर, कारण आधी तेच लागतात.