विशेष शाळेच्या फाटकाशी बसणाऱ्या आयांचा गट कसा बांधायचा

मूल शाळेत गेल्यावर फाटकाबाहेर थांबणाऱ्या आया म्हणजे तयार गटच असतो. सिव्हिलमध्ये दिव्यांग बोर्ड कोणत्या वारी बसतं, कुठल्या बँकेतले साहेब नीट ऐकून घेतात, कोणत्या औषधानं मूल दिवसभर पेंगतं, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. फक्त ते कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून पहिली खरेदी दोनशे पानी वहीची.

वहीत एका मुलाला एक पान द्या. जन्मतारीख, आधारवरचं नाव, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी, यूडीआयडी (दिव्यांगांच्या देशपातळीवरच्या ओळखपत्राचा) क्रमांक, प्रमाणपत्र कायमचं की मुदतीचं, फिट येते का, कोणतं औषध किती वाजता. नाव कान्यामात्रेसह लिहा. आधारवर ‘गौरी’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘गौरीताई’ एवढ्या फरकावर अर्ज परत येतो, आणि हे कळतं ते खिडकीशी पोचल्यावर. मुदतीच्या प्रमाणपत्रांच्या तारखा शेवटच्या पानावर महिनावार उतरवा. संपायच्या तीन महिने आधी त्या आईला आठवण करायची.

बैठक महिन्यातून एकदा, शाळेच्या वेळेतच, तासभर. संध्याकाळी ठेवलीत तर मुलं घरी असतात आणि निम्म्या जणी येत नाहीत. प्रत्येक कामाला दोघींची जोडी हवी: एक बोलणारी, एक लिहिणारी. सगळं एकाच उत्साही आईवर पडलं की तिचं मूल आजारी पडताच गट थांबतो, कारण फोन नंबरही तिच्याच मोबाइलमध्ये असतात. गट मोडण्याचं हेच नेहमीचं कारण; भांडणं त्यामानाने कमीच होतात. सरकारी कचेरीत अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक शिक्का व तारीख घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरा.

संस्था नोंदणीची घाई नको. १८६०च्या कायद्याखाली सात जणी पुरतात, पण मागून हिशेब तपासणी आणि धर्मादाय कार्यालयाच्या खेपा येतात. अनुदान घ्यायचं ठरेल तेव्हा बघा.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत आई पालक राहत नाही, मुलाला सही करता येवो न येवो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात यावर वाट आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. सतरावं संपत आलं की फाइल लावायला घ्या: दिव्यांगत्व प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, मुलाची आणि पालक होणाऱ्याची ओळखपत्रं, फोटो. पालकत्वाचं प्रमाणपत्र हाती आल्यावर बँकेत दाखवता येतं. पुढचं मात्र बहुतेक जणी विसरतात: नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब समितीला द्यावा लागतो. ३० जून ही तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. याच न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतची आहे, तिचं नूतनीकरणही त्याच पानावर.

मुलींच्या पाळीची तयारी हे गटातच शिकायचं काम, कारण शाळा बहुधा ते आईवर सोडते. पाळी येण्याच्या आधी, नऊ-दहाव्या वर्षीच कोरडं पॅड रोज तासभर लावायची सवय करा. निकरवर पक्क्या मार्करनं पॅडची बाह्यरेषा काढली की कुठे चिकटवायचं ते दिसतं. काम तुकड्यांत फोडा: निकर खाली, जुनं पॅड ओढून काढणं, कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, नवं चिकटवणं, निकर वर, हात धुणं. आधी शेवटचा तुकडा तिच्याकडून करून घ्या, बाकीचे तुम्ही. मग एकेक तुकडा मागे सरका. सुरुवातीपासून शिकवलं तर मध्येच कंटाळून ती उठते आणि काम पुरं झाल्याचा आनंद तिला मिळतच नाही.

या कटकटीवर गर्भपिशवी काढायचा सल्ला आजही मिळतो. १९९४ साली शिरूरच्या शासकीय गृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींवर पुण्यात अशा शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा महिला संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मुक्त आणि समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा उपचार करायला बंदी घातली आहे. सल्ला मिळालेल्या आईला एकटीला दवाखान्यात धाडू नका, जोडीनं जा.

मोठ्या मुलींना बैठकीत बसवा, आणि विषय त्यांचा असेल तेव्हा आधी त्यांना विचारा. बोलता येत नसेल तर दोन चित्रं समोर धरा: घरी राहायचं की कामाच्या केंद्रात जायचं. चित्रांच्या जागा बदलून पुन्हा विचारा. दोन्ही वेळा उजव्याच बाजूचं उचललं तर ते उत्तर नव्हे, सवय आहे. दुसऱ्या दिवशी परत विचारायचं.