चेस इंजिनमधली छाटणी: कुठे दगा देते, कुठे बंद ठेवायची

छाटणी म्हणजे चालींच्या शोधातल्या काही फांद्या न पाहताच सोडणं. त्यातल्या अल्फा-बीटाला (निकाल बदलू न शकणाऱ्या फांद्याच ती सोडते) भिण्याचं कारण नाही. ठरलेल्या खोलीपर्यंत साधं मिनिमॅक्स (दोन्ही बाजू सर्वोत्तम खेळतील असं धरून सगळ्या चाली पाहणं) जे उत्तर देईल तेच ती देते; वेगळं आलं तर कोड तपासा. धोका आहे तो तिच्यावर चढवलेल्या अंदाजी छाटणीत. असं प्रत्येक तंत्र एका गृहीतकावर उभं असतं, आणि ते मोडतं तिथे छाटणी बंद करावी लागते.

सगळ्यात जास्त फायदा आणि सगळ्यात फसवी चूक नल मूव्हची. स्वतःची पाळी सोडून द्यायची, उरलेला शोध नेहमीपेक्षा २ किंवा ३ प्लायने (एक प्लाय म्हणजे एका बाजूची एक चाल) उथळ करायचा, आणि तरीही गुण बीटाच्या (ज्याच्या वर प्रतिस्पर्धी जाऊच देणार नाही ती मर्यादा) वर राहिला तर फांदी तोडायची. गृहीतक असं, की काहीच न खेळण्यापेक्षा चांगली एखादी चाल असतेच. झुगझ्वांगमध्ये, म्हणजे कोणतीही चाल खेळली तरी नुकसानच होतं अशा स्थितीत, नेमकी तीच नसते. पांढरा राजा एफ५, प्यादं ई४. काळा राजा डी४, प्यादं ई५: ज्याची पाळी, त्याचं प्यादं जातं. इथे पाळी सोडणं ही सर्वोत्तम ‘चाल’ ठरते आणि इंजिन हरलेली बाजू जिंकलेली समजतं.

म्हणून शहात असताना नल मूव्ह नको, लागोपाठ दोनदा नको, आणि पाळी असलेल्या बाजूकडे राजा-प्यादीच उरली असतील तर अजिबात नको. हत्ती शिल्लक असतानाही झुगझ्वांग होतो, त्याला ही अट पुरत नाही. मोठ्या खोलीवर तोडण्याआधी नल मूव्ह बंद ठेवून घटवलेल्या खोलीचा पडताळणी-शोध घ्या. थोडा वेळ जातो, पण तो देण्यासारखा आहे.

फ्युटिलिटी छाटणीत पानाजवळ (शोधाच्या तळाशी), स्थिर मूल्यांकनात फरकाची मर्यादा मिळवूनही अल्फा (आतापर्यंत हाती आलेला सर्वोत्तम गुण) गाठत नसेल तर शांत चाली (मारामारी नसलेल्या) सोडतात. सुरुवातीला खोली १ ला सुमारे ३००, खोली २ ला ५०० सेंटीपॉन (प्याद्याच्या किमतीचा शंभरावा भाग) ठेवा. शहात असताना, शह देणाऱ्या चालींवर आणि अल्फा शह-मात झाल्याच्या गुणांजवळ असताना ती वापरू नका. हमखास होणारी चूक: कायदेशीर चालींची मोजणी छाटणीनंतर करणं. सगळ्या चाली छाटल्या गेल्या की इंजिनला भलत्याच ठिकाणी कोंडी (स्टेलमेट) दिसते. मोजणी आधी करा.

उशिराच्या चालींची खोली घटवताना (एलएमआर) पहिल्या ३-४ चाली पूर्ण खोलीने पाहा आणि खोली ३ च्या खाली घटवू नका. घटवलेला शोध अल्फाच्या वर गेला तर पूर्ण खोलीने पुन्हा शोधा. हे विसरलं की गुण उथळ शोधाचा राहतो. बरोबर लिहूनही शांत बलिदानं उशिरा दिसतात, कारण ती क्रमवारीत मागे पडतात. ती किंमत मोजावीच लागते. चालींची क्रमवारी सुधारली तर कमी होते.

मारामारीच्या शोधात (ठरलेली खोली संपल्यावर फक्त मारण्याच्या चाली पाहणं) डेल्टा छाटणी, म्हणजे मारलेल्या मोहऱ्याची किंमत आणि वर एक मर्यादा मिळवूनही अल्फा गाठत नसेल तर ती चाल सोडणं, वापरतात; ही मर्यादा साधारण २०० सेंटीपॉन असते. अंत्यपर्वात ही छाटणी बंद करा: शेवटचं प्यादं मारलं की डाव थेट बरोबरीत जाऊ शकतो, आणि मोहऱ्यांच्या किमतीची बेरीज तो बदल पकडत नाही.

चाचणीत नुसत्या खोलीच्या आकड्यावर भुलू नका. जास्त छाटलं की खोली वाढणारच. पर्फ्टमध्ये (ठरलेल्या खोलीपर्यंतच्या सगळ्या कायदेशीर चाली मोजण्याची चाचणी) फक्त चाली तयार करणं तपासलं जातं, छाटणी नाही. एका वेळी एकच बदल करा, जुन्या-नव्या आवृत्तीत कमी वेळेचे डाव लावा आणि एसपीआरटीने (पुरेसा पुरावा मिळेपर्यंत डाव चालू ठेवणारी सांख्यिकी चाचणी; दोन्ही प्रकारच्या चुकीच्या निकालांची मर्यादा ०.०५) निकाल लागेपर्यंत थांबा. शंभर डावांवरून काही ठरवू नका. सोबत झुगझ्वांगच्या स्थितींचा छोटा संच ठेवून छाटणी चालू आणि बंद असतानाचे गुण ताडून पाहा.