इंग्रजीत शब्दाची जात ओळखताना होणारा गोंधळ: शेवटी काय लागू पडलं

लक्षण: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना शब्दांच्या आठही जातींच्या व्याख्या पाठ असतात, पण वाक्यात 'आफ्टर'खाली रेघ आली की उत्तर चुकतं.

शब्दांच्या याद्या घोकून उपयोग झाला नाही, कारण एकच शब्द जागेप्रमाणे जात बदलतो. वहीभर लाल रेघा बघून जीव मेटाकुटीला येतो.

लागू पडलेला क्रम असा. आधी क्रियापद शोधा. काळ बदलला की जो शब्द बदलतो तो. मग नामं: शब्दाच्या आधी 'द' किंवा 'माय' बसतं का बघा. मग रेघ मारलेल्या शब्दाच्या पुढे काय आहे ते पाहा. खरी मेख इथेच आहे. मराठीत 'टेबलावर', कन्नडमध्ये 'मेजिन मेले'. दोन्हीकडे शब्दयोगी अव्यय नामानंतर येतं, म्हणून मुलं मागे बघतात. इंग्रजीत पुढे बघायचं.

'द ट्रेन रीच्ड लोंडा आफ्टर सनसेट': पुढे नुसतं नाम, म्हणून प्रिपोझिशन (शब्दयोगी अव्यय). 'आफ्टर द सन हॅड सेट': पुढे कर्ता आणि क्रियापद, म्हणून कंजंक्शन (उभयान्वयी अव्यय). 'सून आफ्टर' म्हणून वाक्य संपलं, पुढे काहीच नाही, तर अ‍ॅडव्हर्ब (क्रियाविशेषण).

'फास्ट'चंही तसंच: 'अ फास्ट बस'मध्ये नामाला चिकटलेलं, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह (विशेषण), 'रन्स फास्ट'मध्ये धावणं कसं ते सांगतं, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. शब्दाच्या शेवटी 'एलवाय' बघून अ‍ॅडव्हर्ब ठरवू नका: 'फ्रेंडली' अ‍ॅडजेक्टिव्ह आहे.