फ्रेंच शिकताय? आधी दोनच क्रियापदं पक्की करा

सुरुवातीला क्रियापदांचा पूर्ण तक्ता पाठ करत बसू नका, आधी फक्त एत्र म्हणजे असणे आणि आव्वार म्हणजे जवळ असणे ही दोन घोटून घ्या कारण रोजचं बरंचसं बोलणं यांच्यावरच चालतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, वय सांगताना एत्र लागत नाही, आव्वार लागतं. मी वीस वर्षांचा आहे हे झे व्हँताँ, शब्दशः माझ्याकडे वीस वर्षं आहेत. भूक लागली तरी तेच, झे फँ. एत्र वापरून झ स्वी फँ म्हणालात तर चूकच, आणि ही चूक नवशिके बरेचदा करतात.

मग येतात पार्ले म्हणजे बोलणे, माँझे म्हणजे खाणे यांसारखी, लिहिताना शेवटी er येणारी क्रियापदं. मी, तू, तो यांप्रमाणे लिहिताना शेवट बदलतात पण झ पार्ल, त्यू पार्ल, ईल पार्ल, ऐकायला सगळं सेम, म्हणून वाचण्याआधी ऐका.

त्यू आणि व्हू आपल्याला सोपं जातं, आपलं तू आणि तुम्हीच आहे ते, अनोळखी माणसाला व्हूच. सालू म्हणजे हाय, ते फक्त जवळच्यांना.

आणि फ्रान्समध्ये दुकानात शिरल्या शिरल्या आधी बाँझूर म्हणजे नमस्कार म्हणायचं, मग काय हवंय ते विचारायचं, थेट किंमत विचारली तर उद्धट वाटतं त्यांना. संध्याकाळी त्याऐवजी बाँस्वार. बॉन न्वी म्हणजे शुभ रात्री मात्र झोपायला जातानाच!