आधी सुराचा रिलीज मोजा: पार्श्वसंगीतात सिंथ (सिंथेसायझर) वाजवायला निघालेल्यांसाठी

"ताई, तो 'ब्लेड रनर'चा आवाज कुठल्या सिंथमध्ये मिळेल?" महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी मला हे विचारतं. विचारणाऱ्याची मला मनापासून काळजी वाटते, कारण याच प्रश्नापायी माझं दीड वर्ष गेलं. कर्वेनगरच्या खोलीत रूममेट झोपली की मी हेडफोन लावायचे, एकामागून एक प्रीसेट (सिंथमधले तयार आवाज) उघडायचे, पहाटे कधीतरी लॅपटॉप मिटायचे. त्या दीड वर्षात एकही क्यू, म्हणजे एखाद्या दृश्यासाठीचा संगीताचा तुकडा, पूर्ण झाला नाही.

उत्तर द्यायचं तर एका ओळीत देता येतं. यामाहा सीएस-८०. त्या सिनेमाचा संगीतकार व्हँगेलिस, त्याचं ते लाडकं वाद्य. 'चॅरियट्स ऑफ फायर'च्या संगीतासाठी त्याला ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी, १९८२ मध्ये, 'ब्लेड रनर' आला. पण हे कळून तुमच्या हाताला काही लागत नाही. त्या वाद्यात प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा ओळखला जातो. चार बोटांनी कॉर्ड धरलीत आणि त्यातलं एकच बोट जरा जास्त दाबलंत, तर तेवढाच सूर उजळतो. वर बोट सरकवायला एक लांब पट्टी, तिच्यावरून सूर घसरवता येतो. समोर चित्र चालू ठेवून हा माणूस ते सगळं हातांनी वाजवायचा. त्याची सॉफ्टवेअरमधली नक्कल उघडून आपल्या लॅपटॉपला जोडलेल्या साध्या मिडी कीबोर्डवर नुसती कॉर्ड दाबून ठेवली, तर फक्त लाकूड दाबल्यासारखं वाटतं. डावा हात मॉड व्हीलवर (कीबोर्डवरचं फिरवायचं चाक) ठेवा, ते व्हील कटऑफला (फिल्टर किती उघडा ते ठरवणारा आकडा) जोडा आणि दृश्य बघत बघत फिल्टर उघडा. आवाज लगेच जिवंत होईल. फुकटच्या सिंथमध्येही होईल.

ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा), फिल्टर (त्यातला वरचा तजेला कापणारा), एलएफओ (आवाज संथ हलवत ठेवणारा) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते. मलाही माहीत होतं. इंजिनिअरिंगला ईअँडटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स) होते, लो पास फिल्टरची गणितं परीक्षेत सोडवली होती. त्याआधी सांगलीत शाळेपासून गणपतीच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत होते. म्हणजे बोटं होती, गणित होतं. चित्राच्या वेळेशी मात्र कधी गाठ पडली नव्हती, आणि मी अडकले ती नेमकी तिथे.

सविस्तर सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मित्राची चौदा मिनिटांची शॉर्ट फिल्म. मुलगा बऱ्याच वर्षांनी गावाकडच्या घरी येतो. वाटेवरचा लांबलचक शॉट, त्यावर माझा पॅड, म्हणजे सिंथचा लांबत राहणारा मऊ आवाज. मग कट. आत स्वयंपाकघर, नळ थेंब थेंब गळतोय, आई पाठमोरी उभी. ती मान न वळवता म्हणते, "आलास?" सगळी फिल्म त्या एका शब्दावर उभी होती. एडिटरने मला स्पष्ट सांगितलं होतं की कटनंतर फक्त नळ ऐकू आला पाहिजे.

माझा पॅड खरंच सुंदर होता, आजही मला तसंच वाटतं. अटॅक (सूर भरून यायला लागणारा वेळ) दोन सेकंद, रिलीज (सोडलेला सूर विरायला लागणारा वेळ) पाच सेकंद, वर मोठ्या हॉलचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. शेवटची कॉर्ड मी बरोबर कटच्या फ्रेमवर सोडली. स्क्रीनवर मिडीची पट्टी कटला अगदी चिकटून संपत होती. दिसायला बिनचूक.

आता गणित करा. रिलीज सुरू होतो बोट उचलल्यावर. बोट कटवर उचललं, म्हणजे तिथून पुढे पाच सेकंद आवाज ओसरत राहणार. २४ फ्रेमच्या फिल्ममध्ये पाच सेकंद म्हणजे १२० फ्रेम. त्यावर रिव्हर्बची शेपूट वेगळी. आईचं "आलास?" कटनंतर तिसऱ्या सेकंदाला होतं. माझं संगीत कागदावर संपलं होतं आणि स्वयंपाकघरात वाजत होतं.

खोलीत हे मला कळलं नाही, कारण डोक्यावर पंखा फिरत होता. ओसरत्या पॅडचा शेवटचा भाग पंख्याच्या घरघरीत बुडून जातो. दिग्दर्शकाला काहीतरी खुपत होतं, पण त्याच्याकडे शब्द एकच होता: "म्युझिक कमी कर." मी तीन डेसिबल कमी केलं. परत तेच. आणखी तीन केलं. वाटेवरचा शॉट पार मरून गेला आणि शेपूट होती तिथेच राहिली. मग एरंडवण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसांसमोर फिल्म लागली. तिथे पंखे नव्हते, एसी शांत होता. माझा पॅड आईच्या त्या शब्दावर ओल्या चादरीसारखा पडला. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाली ती?" तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

एवढ्यावर ते संपलं नाही. घरी येऊन मी पॅडच्या ट्रॅकवर ऑटोमेशन टाकलं, म्हणजे आवाज आपोआप खाली येईल असं आखून ठेवलं, कटवर आवाज शून्य. तरी शेपूट आलीच! रिव्हर्ब मी वेगळ्या बसवर (आवाज ज्यात पाठवतात तो वेगळा ट्रॅक) लावला होता. सिंथचा ट्रॅक बंद झाला तरी बसमध्ये आधीच गेलेला आवाज घुमत राहतो. म्हणजे रिव्हर्ब जिथून परत येतो, त्या ट्रॅकवरही ऑटोमेशन हवं. त्यात ऑर्केस्ट्रातली माझी पेडलची सवय. कार्यक्रमात सूर तुटू नयेत म्हणून पाय पेडलवरून निघायचाच नाही. रेकॉर्ड करताना पेडल दाबल्याची खूण, सीसी ६४, मिडीत जाऊन बसते. पट्टी संपलेली दिसते, पेडल मात्र खालीच असतं, त्यामुळे रिलीज सुरूच झालेला नसतो. शेपूट तीन ठिकाणांहून येत होती आणि मी एकच आवाज कमी करत बसले होते.

अटॅकचंही असंच, फक्त उलट्या टोकाने. दोन सेकंदांचा अटॅक म्हणजे ४८ फ्रेम. दरवाजा उघडण्याच्या फ्रेमवर सूर लावलात, तर प्रेक्षकाला तो भरून ऐकू येतो दोन सेकंदांनी, तोवर माणूस आत येऊन बसलेला असतो. दिग्दर्शक म्हणतो, "उशिरा येतंय." तुम्ही स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणता, "नाही हो, बरोबर फ्रेमवर आहे." दोघंही खरं बोलत असता.

म्हणून आता कुठलाही पॅच (सिंथवर जुळवलेला आवाज) वापरण्याआधी मी वही काढते. सगळे इफेक्ट बंद करून एक सूर दाबते आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर बघते: किती वेळात भरून आला, सोडल्यावर किती वेळात विरला. मग रिव्हर्ब लावून पुन्हा मोजते. तीन आकडे पॅचच्या नावापुढे लिहिते. मोजताना पंखा बंद. सूर कटच्या किती आधी लावायचा आणि किती आधी सोडायचा, हे त्या आकड्यांवरून ठरतं. शेपूट पुढच्या दृश्यात न्यायचीच असेल तर कटच्या आधीच्या सेकंदात कटऑफ खाली आणते. व्यंजनांचा स्पष्टपणा बराचसा दोन हजार हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात असतो, तिथला पॅड काढला की शब्द मोकळा होतो. आणि पूर्ण शांतता हवी असेल तर सिंथ आणि रिव्हर्ब दोन्ही दोन-तीन फ्रेममध्ये शून्यावर. त्याहून झटक्यात तोडलं तर टिक् असा आवाज येतो.

हे मला शिकवलं कुणी? सिंथवाल्या कुणीही नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेला संगीत ऑपरेट करायची. भरत नाट्यमंदिरात बाजूला बसून, नटाच्या श्वासावर डोळा ठेवून, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) बोटाने खाली आणायची. तिला माझी फिल्म दाखवली. तिने एकदाच ऐकली आणि म्हणाली, "तू सोडतेस कधी? आमच्याकडे वाक्याच्या आधीचा श्वास नट घेतो, तेव्हा म्युझिक संपलेलं असतं." तिला ऑसिलेटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तोवर मी एका क्लासला पैसे भरून तीन महिने सॉफ्टवेअरचे मेनू शिकले होते, त्या तीन महिन्यांत चित्र एकदाही समोर लावलं गेलं नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे: पुण्यात पार्श्वसंगीत शिकायचं असेल तर आधी दोन एकांकिकांची संगीताची बाजू सांभाळा. गुरू शोधत असाल तर जो तुमचं काम चित्राबरोबर बघतो त्याला धरा. नुसता स्वतःचा स्टुडिओ दाखवणाऱ्याकडे एकदा चहा प्या आणि घरी या.

प्रीसेटच्या विकतच्या पॅकबद्दलही माझं मत कडक आहे. पहिलं वर्ष घेऊ नका. प्रीसेट बनवणाऱ्याने तो एकटा ऐकायला छान वाटावा म्हणून बनवलेला असतो, लांब शेपूट, भरपूर रिव्हर्ब. त्याच्यासमोर तुमच्या फिल्ममधली आई नसते.

आवाजापेक्षा वेळ मोठी, हे जुनी कामं ऐकूनही पटेल. १९८४ च्या 'टर्मिनेटर'मधला तो धातूचा ठोका संगीतकार ब्रॅड फिडेलने हाताने लूप करताना किंचित लवकर बंद केला, म्हणून तो तेरा सोळांशाच्या अडखळत्या मापात बसला. त्याने तो तसाच ठेवला आणि सगळी भीती त्या अडखळण्यातून येते. आपल्याकडे १९५४ च्या 'नागिन'मधली बीन घ्या. अनेकांना ती आजही खरी पुंगी वाटते. कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलिनवर वाजवली होती, एका वेळी एकच सूर देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर, आणि साथीला रवींची हार्मोनियम. पुंगीवाला सुरात कसा शिरतो आणि कसा निघतो, ते त्या बोटांना ठाऊक होतं. पुढे केरसी लॉर्ड, चरणजीत सिंग यांच्यासारख्या वादकांनी हिंदी सिनेमात सिंथ रुळवला. १९९२ च्या ए. आर. रहमानच्या 'रोजा'पासून तर घरच्या स्टुडिओत अख्खी फिल्म उभी राहू शकते हे सगळ्यांना दिसलं. हे सगळे आधी वादक होते, दुसऱ्यांच्या गाण्यांत वर्षानुवर्षं वाजवून तयार झालेले.

सामान कमी लागतं, घाबरू नका. सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथ फुकट आहे. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ सिंथची चव घ्यायची तर त्याची सॉफ्टवेअरमधली नक्कल डेक्स्ड फुकट आहे, जुन्या डीएक्स-७ चे पॅचही त्यात उघडतात. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर साठ दिवस वापरून बघता येतं, नंतरही परवाना स्वस्तात मिळतो. पहिल्या कामाचे पैसे हेडफोनला घाला, सिंथला नको. मिडी कीबोर्डची केबल किंवा अडॅप्टर गेला तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळून जातो.

कामाला हात घालण्याआधी एडिटरला दोन गोष्टी विचारा: फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) किती आणि एडिट लॉक झालं का, म्हणजे आता शॉट बदलणार नाहीत ना. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. एडिट लॉक व्हायच्या आत फ्रेम मोजून काम करू नका, दोन शॉट इकडचे तिकडे झाले की वहीतले सगळे आकडे नव्याने बसवावे लागतात. स्टेम (संगीताचे सुटे ट्रॅक) देताना रिव्हर्ब वेगळा द्या, मिक्स करणारा तुम्हाला दुवा देईल. पैसे किती आणि कधी हे मेलवर लिहून घ्या, मित्र असला तरी. माझे दोन कामांचे पैसे आजही यायचे आहेत. दोन्ही वेळा सगळं चहाच्या टपरीवर बोलून ठरलं होतं.

पुण्यात हे काम मिळतं का? मिळतं, हळूहळू. एकांकिका, शॉर्ट फिल्म, कंपन्यांचे माहितीपट, जाहिराती. पहिली दोन वर्षं त्यावर घर चालणार नाही, मी दिवसा नोकरी करत होते. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. आणि लॉ कॉलेज रोडवर राहून फिल्म शिकणारी मुलं पाहून आपण बाहेरचे आहोत असं वाटलं, तर तेही मनातून काढा. त्यांनाही संगीत करणारं कुणीतरी हवंच असतं, जाऊन बोला.

आज रात्री एवढं करून बघा. मोबाईलवर घरातले दोन शॉट घ्या, तीस-तीस सेकंदांचे. पहिला गॅलरीतून रस्त्याचा, दुसरा स्वयंपाकघराचा, आणि दुसऱ्यात घरातल्या कुणाला तरी एक शब्द बोलायला लावा. जोडा. पहिल्यावर एकच ऑसिलेटर आणि फिल्टर घेऊन पॅड वाजवा, रिव्हर्ब न लावता. तो शब्द आधी नीट ऐकू येऊ दे. मग रिव्हर्ब थोडा थोडा वाढवत न्या आणि शब्द कुठे पुसट व्हायला लागतो, तिथला आकडा वहीत लिहा. पंखा बंद करायला विसरू नका.