स्प्लिट एसीची देखभाल: आधी पाण्याचा निचरा, गॅस सर्वांत शेवटी

इनडोअर युनिटमधून पाणी टपकू लागले किंवा खोली पूर्वीसारखी गार होईनाशी झाली, की पहिला सल्ला मिळतो तो गॅस भरून घेण्याचा, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. एसीतील गॅस वाहनातल्या इंधनासारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांच्या चक्रात फिरतो, द्रवाचा वायू आणि वायूचा द्रव होत राहतो, पण खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच, आणि ती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे थोड्याच काळात त्याच कामाचे पैसे पुन्हा मोजणे होय. पाणी टपकण्याचे कारण धूळ, तुंबलेली नळी किंवा चुकीचा उतार यांपैकी एक असण्याची शक्यता फार मोठी असते आणि या तिन्ही गोष्टी घरच्या घरी तपासता येतात.

कामाला हात घालण्यापूर्वी एसीचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डवरचा सुरक्षा-स्विच, बंद करावा. केवळ रिमोटने यंत्र बंद केल्याने आतला वीजपुरवठा तुटत नाही. आउटडोअर युनिटचे झाकण मात्र स्वतः उघडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही विद्युतभार शिल्लक राहतो आणि त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. ते युनिट बाहेरूनच कमी दाबाच्या पाण्याने धुवावे आणि त्याच्या भोवती अडगळ असेल तर ती हलवावी.

फिल्टर काढून साध्या पाण्याने धुवावेत, सावलीत पूर्ण वाळवावेत आणि मगच बसवावेत. वापराच्या दिवसांत हे काम दर दोन ते चार आठवड्यांनी व्हायला हवे.

फिल्टरमागील कॉइलच्या, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या, ॲल्युमिनियमच्या पात्या अतिशय पातळ असतात. त्यांच्यावरून मऊ ब्रश वरून खाली, पात्यांच्याच दिशेने फिरवावा. ॲसिड किंवा ब्लीच वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण दोन्हींमुळे धातू झिजतो आणि पुढे नेमकी तिथेच गॅसची गळती सुरू होऊ शकते. कॉइलवर पाणी मारायचे असेल तर युनिटच्या कडेला असलेले सर्किट बोर्ड प्लॅस्टिकने नीट झाकूनच मारावे.

आता निचऱ्याकडे वळू. याच टप्प्याने मला सर्वाधिक काळ दमवले आहे आणि याच टप्प्याबद्दल सर्वाधिक अपुरे सल्ले दिले जातात. २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेतील बाष्प साधारण १७ अंशांच्या खालच्या पृष्ठभागावर पाणी होऊन साचू लागते. चालू एसीची कॉइल त्याहून बरीच थंड असते, त्यामुळे दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला एक ते दोन लिटर पाणी सहज गोळा करतो. हे पाणी कॉइलखालच्या ट्रेमध्ये उतरते आणि तिथून नळीवाटे बाहेर जाते. बहुतेक घरगुती स्प्लिट एसींमध्ये हे पाणी बाहेर ढकलणारा पंप नसतो. सगळी भिस्त उतारावर असते. नळीत सतत ओल, अंधार आणि हवेतली धूळ एकत्र आली की आत बुळबुळीत थर धरतो आणि एके दिवशी तो सुटून एखाद्या वळणावर अडकतो.

प्रथम पाणी केव्हा टपकते ते पाहावे, कारण त्यावरून पुढची दिशा ठरते. एसी चालू असताना सतत थेंब पडत असतील तर संशय नळीवर किंवा उतारावर घ्यावा. एसी बंद केल्यानंतर थोड्याच वेळात एकदम पाणी गळत असेल तर कॉइलवर बर्फ जमून तो वितळत असण्याची शक्यता असते. बर्फ धरण्यामागे गॅसची गळती असू शकते, पण त्याआधी मळलेला फिल्टर किंवा धुळीने भरलेला ब्लोअर (आतला पंखा) तपासावा, कारण कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही तरीही तिचे तापमान शून्याखाली उतरते. पाणी युनिटखाली न पडता भिंतीतून बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या नळीवरून ओघळत असेल, तर त्या नळीवरचे फोमचे आवरण फाटलेले आहे असे समजावे. तिथे नवे आवरण चढवले की काम होते.

नळी तुंबलेली असेल तर ती बाहेरच्या टोकाकडून साफ करावी, पण कशी, हे नीट समजून घ्यावे. अनेक जण बाहेरच्या टोकातून तोंडाने किंवा पंपाने जोरात हवा भरतात. असे कृपया करू नये. तो गाळ पुन्हा ट्रेमध्ये ढकलला जातो, सोबत आलेले घाण पाणी ट्रेच्या काठावरून उसळते आणि सर्किट बोर्डापर्यंत पोहोचू शकते. शिवाय निघालेला गाळ ट्रेमध्येच राहिल्याने नळी लवकरच पुन्हा तुंबते. हवा भरायची नसते, ओढायची असते. पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा, त्याचे तोंड नळीच्या टोकाला लावून सांध्याभोवती ओले फडके घट्ट गुंडाळावे आणि एक-दोन मिनिटे चालू ठेवावा. कोरड्या कचऱ्यासाठीचा क्लीनर या कामाला लावू नये. पाणी मोटारीत गेले तर विजेचा धोका आहे. असे साधन नसेल तर नळीत तार खुपसत बसू नये, कारण भिंतीआडचा सांधा सुटला तर पाणी भिंतीतच मुरू लागते. मेकॅनिकला बोलवावे आणि नळीतला गाळ ओढून ती साफ करण्यास सांगावे.

गाळ निघाल्यानंतर ट्रेमध्ये कोमट पाणी हळूहळू सोडावे. उकळते पाणी घालू नये, त्याने प्लॅस्टिक वाकते. लिटरभर पाणी ट्रेमध्ये न तुंबता बाहेरच्या टोकाशी अखंड धारेने आले पाहिजे. ते थांबून थांबून, गुडगुड आवाज करत येत असेल तर काम अजून संपलेले नाही.

गुडगुडण्याचे कारण बहुधा उताराशी निगडित असते आणि इथेच नळी धुऊन समाधान मानणारे फसतात. नळीला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा आणि तो सलग हवा. मध्येच नळी लोंबली की त्या खोलगट भागात पाणी अडते, त्यामागे हवा कोंडते आणि नळी स्वच्छ असूनही ट्रे भरून वाहतो. बाहेरचे टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवण्याची सवयही याच कारणाने वाईट आहे. ते टोक मोकळ्या हवेत असावे. इनडोअर युनिटवर पाणसळ (समतलपणा दाखवणारी पट्टी) ठेवून पाहावी. युनिट समतल किंवा नळीच्या बाजूला किंचित कललेले असावे. ते उलट्या बाजूला कलले असेल तर कितीही वेळा सर्व्हिसिंग केले तरी पाणी टपकतच राहील. युनिट ज्यावर टांगलेले असते ती मागची पट्टी भिंतीवर नीट बसवून घेणे हाच त्यावरचा उपाय आहे.

ज्यांचा एसी थंडीत उष्णताही देतो त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हीटिंग चालू असताना कॉइलची कामे उलटतात, पाणी आउटडोअर युनिटकडे साचते आणि आतली निचऱ्याची नळी कित्येक महिने कोरडी पडते. तिच्यातला बुळबुळीत थर वाळून कडक होतो, म्हणून गारव्याचा हंगाम सुरू होण्याआधी नळीतला गाळ एकदा ओढून काढावा.

सगळे जोडून झाल्यावर एसी पंधरा मिनिटे पूर्ण गारव्यावर चालवावा आणि आत ओढल्या जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान साध्या तापमापकाने मोजावे. फरक साधारण ८ ते १२ अंश असेल तर गॅसचा विषय काढण्याचे कारण नाही. हवा फार दमट असेल तर तो थोडा कमी भरतो, त्याने घाबरू नये. स्वच्छता होऊनही फरक फारच कमी असेल तर मेकॅनिकला बोलवावे आणि त्याच्याकडून तीन गोष्टी आग्रहाने करून घ्याव्यात: आधी गळती शोधून बुजवणे, मग व्हॅक्यूम पंपाने गॅसच्या नळ्यांतील हवा व ओल काढणे आणि शेवटी कंपनीच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरणे. पट्टीवर आर-३२ किंवा आर-२९० लिहिले असेल तर तो गॅस पेट घेऊ शकतो. काम चालू असताना जवळ ज्योत नसावी आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

जुना एसी बदलायचाच झाला तर खोलीच्या गरजेपेक्षा मोठा घेण्याचा मोह टाळावा. एकाच वेगाने चालणारे मोठे यंत्र खोली झटपट गार करून थांबते आणि हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून गारवा असूनही अंग चिकट राहते. इन्व्हर्टर यंत्र वेग कमी करून चालत राहते, पण गरजेच्या दुप्पट क्षमतेचे घेतल्यास तेही सारखे चालू-बंद होऊ लागते. इनडोअर युनिटची भिंत मात्र सजावट पाहून ठरवू नये. नळी कमीत कमी वळणांनी, सलग उताराने बाहेर जाईल ती भिंत आधी शोधावी आणि छिद्र पाडण्यापूर्वी ते आतून बाहेरच्या बाजूला उतरते घेतले जाईल याची स्वतः उभे राहून खात्री करावी.