सिनेमासारखी सलग हालचाल हवी असेल तर आधी शटर बघा

व्हिडिओ लख्ख दिसतो, रंगही छान असतात, पण माणूस चालायला लागला की त्याचे हात तुटक-तुटक पुढे सरकतात. बहुतेक वेळा दोष शटर स्पीडचा असतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो त्याचा. भर उन्हात ऑटोवर सोडलेला कॅमेरा १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर निवडतो. मग प्रत्येक फ्रेम फोटोसारखी धारदार येते आणि दोन फ्रेममधली उडी डोळ्याला टोचते. सिनेमात हलणारी वस्तू प्रत्येक फ्रेममध्ये जराशी फरफटलेली असते, आणि ती फरफटच हालचाल जोडून घेते. ती शूटिंगच्या वेळीच मिळवा. एडिटिंगमध्ये कृत्रिम ब्लर टाकता येतो, पण हलत्या बोटांच्या आणि केसांच्या कडा बिघडतात.

भारतात शूट करताना फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) २५ आणि शटर १/५० ठेवा. सिनेमाचा फ्रेम रेट २४ असतो, पण २४ आणि २५ मधला फरक डोळ्याला कळत नाही. शटरचा वेळ फ्रेमच्या वेळेच्या निम्मा, हा हिशेब फिल्म कॅमेऱ्याच्या फिरत्या चकतीतून आला. ती साधारण अर्धी उघडी असायची, म्हणून याला १८० अंशांचं शटर म्हणतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० मध्ये बरोबर दोन लुकलुकी मावतात आणि उजेड स्थिर राहतो. १/६० ठेवलं तर चित्रावर पट्टे सरकू लागतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथे घरातल्या दिव्यांखाली १/६० च योग्य.

आता उन्हाचा प्रश्न. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) जवळपास एफ २२ लागतं. तुम्हाला एफ २.८ हवं असेल तर सहा स्टॉप उजेड कमी करावा लागेल (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एनडी ६४ फिल्टर, लेन्सपुढे लावायची उजेड कमी करणारी काच. लॉग प्रोफाइलचा (रंग नंतर सुधारता यावेत म्हणून फिकं चित्र देणाऱ्या सेटिंगचा) किमान आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी ५०० च्या आसपास. फिरवून गडदपणा बदलता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा आहे, पण वाइड लेन्सवर तो टोकापर्यंत फिरवला की चित्रावर काळी फुली उमटते. एकच फिल्टर घ्यायचा असेल तर आम्ही साधा एनडी ६४ सुचवू. एनडी नाही म्हणून शटर वाढवू नका. त्यापेक्षा सावलीत शूट करा.

बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर बदलत नाही, म्हणून तिथे क्लिपवाला एनडी लागतोच. शटर हाताने ठरवायला ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं मोफत अ‍ॅप वापरा. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. ते चित्र स्थिर करतं, पण धक्क्यामुळे आलेला ब्लर तसाच राहतो आणि चालताना चित्र धडधडल्यासारखं दिसतं. गिंबल (कॅमेरा किंवा फोन स्थिर धरणारं यंत्र) नसेल तर ट्रायपॉड लावा.

शटर बरोबर असूनही पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, चित्र अडखळतं. हा २४-२५ फ्रेमचा स्वभावच आहे. फ्रेमच्या एका कडेची वस्तू दुसऱ्या कडेला पोहोचायला साधारण ७ सेकंद लागतील इतक्या हळू पॅन करा. तारेचं कुंपण, खिडक्यांचे गज, इमारतींच्या उभ्या कडा असल्या तर त्याहूनही हळू. घाईचा पॅन हवाच असेल तर धावत्या माणसाला फ्रेममध्ये एका जागी धरून कॅमेरा फिरवा. प्रेक्षकाची नजर त्याच्यावर खिळते आणि मागचे झटके जाणवत नाहीत.

एडिटिंगची टाइमलाइन पहिली क्लिप टाकण्याआधीच २५ वर ठेवा. ३० फ्रेमची क्लिप त्यात टाकली तर दर सहा फ्रेममागे एक गळते आणि चाल लंगडते. ५० ची क्लिप निम्म्या वेगाच्या स्लो मोशनसाठी उत्तम (तिथे शटर १/१००). फोनच्या क्लिपचा फ्रेम रेट अनेकदा कमी-जास्त होत असतो. ती आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर २५ वर बदलून घ्या, नाहीतर आवाजही मागेपुढे होतो.

तपासताना टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा, कारण ते मधले फ्रेम स्वतःच बनवून सगळ्याला मालिकेची कळा आणतं. लॅपटॉपचा स्क्रीन ६० हर्ट्झचा असेल तर २५ फ्रेम त्यात समान बसत नाहीत. तिथे पॅन थोडा अडखळला तर लगेच शूटिंगला दोष देऊ नका. सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय असेल तर तो लावून पुन्हा बघा.